पाण्यात ठेवलेलं देवक

कुणाच्याही घरी गेले की सर आधी फुलदाणी हुंगायचे. पाणी नंतर, चहा नंतर, घरच्यांची विचारपूस तर फारच नंतर. बैठकीत शिरायचं, टीपॉयवरच्या फुलदाणीवर वाकायचं, नाक आत घालायचं आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "पाणी कुजलंय." एकदा आमच्या संस्थेच्या सचिवांकडे सत्यनारायणाला गेलो होतो. तिथं सरांनी सगळ्यांदेखत गुच्छ उपसून वर काढला, देठांची बुळबुळीत टोकं सचिवांच्या बायकोला दाखवली आणि विचारलं, "वहिनी, असलं पाणी तुम्ही प्याल का?" सचिवांनी पुढं वर्षभर सरांचा नमस्कार घेतला नाही. ते सरांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लातूरच्या आमच्या कृषी विद्यालयात मी माती शिकवायचे आणि ते पाला. फुलशेती असं विषयाचं नाव होतं खरं, पण फुलांना सर हिशेबातच धरायचे नाहीत. गुच्छात फुलांच्या मागं जो हिरवा भरणा असतो, कामिनीच्या डहाळ्या, शतावरीचे झुपके, ड्रसीनाची लांब पानं, तो कापल्यावर जास्तीत जास्त दिवस हिरवा कसा ठेवायचा, हा त्यांचा जन्माचा नाद. पोरं मागून त्यांना 'पालासर' म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. "फूल पाहुणं असतंय, मॅडम," ते मला सांगायचे. "दोन दिवस मिरवतंय अन् जातंय. पाला घरचा माणूस. त्यो टिकला पाहिजे."

आणि टिकवायचे बाबा. डहाळी सकाळी ऊन चढायच्या आत कापायची. कोवळी पालवी घ्यायची नाही, ती लगेच मान टाकते, जून पान घ्यायचं. देठ बादलीतल्या पाण्यात बुडवून तिथंच तिरपा कापायचा, म्हणजे त्यात हवा शिरत नाही. पाण्याखाली जाणारी पानं खुडून टाकायची. पाण्यात चिमूटभर साखर, लिंबाचे थेंब, आणि कीड होऊ नये म्हणून कपडे धुवायच्या ब्लीचचा अगदी ठिपका. पंख्याखाली ठेवायचं नाही. पिकल्या फळाजवळ तर मुळीच नाही, कारण पिकतं फळ जो वायू सोडतं त्यानं पान लवकर म्हातारं होतं. हे सगळं पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचून कुणी स्टाफरूममधली केळी खिडकीबाहेर फेकत नाही. सरांनी माझी फेकली होती. मी तेव्हा त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तर त्यांचा रुबाब बघावा. प्रत्येक पोरानं आपली बाटली मांडायची, पाला किती दिवस टिकला ते सांगायचं. एका वर्षी उदगीरच्या एका पोराची कामिनी सगळ्यांची सुकली तरी टवटवीत. बाकीचे मास्तर वाहवा करून राहिले. सरांनी देठ बाहेर काढला, बोटानं टोक चाचपलं आणि शांतपणे म्हणाले, "ही आज सकाळची आहे." पोरगं पांढरं पडलं. जुनी डहाळी काढून त्यानं ताजी ठेवली होती. सरांनी त्याला नापास केलं. पोराचा बाप गावच्या पुढाऱ्याला घेऊन आला, प्राचार्यांनी गळ घातली, पण सर बधले नाहीत. "वाळलं तर वाळलं म्हणावं," ते त्या बापाला म्हणाले. "त्यात लाज कसली? पण वाळलेल्याला हिरवं म्हणला की सगळं शास्त्र गेलं."

हे वाक्य मी नंतर फार वेळा मनात म्हटलंय. चिडून म्हटलंय. कारण हाच माणूस पुढं असं वागला की त्याच्या दाराशी जायचं मला जिवावर यायला लागलं.

सरांचं घर माझ्या घरापासून तिसरं. घरात वहिनी आणि एकुलती एक मुलगी, दीपाली. नर्सिंग झालेली, हसरी, बापासारखीच हट्टी. नांदेडच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती, आणि त्याच सुमाराला लग्नही ठरलं. मुलगा उदगीरचा, आडत दुकानदाराचा. लग्नानंतर नवरा-बायको दोघं नांदेडला राहणार, असं बोलणं झालेलं. वैशाखातलं लग्न. बिलोलीकडच्या गावाहून सरांची आई आधीच येऊन राहिली होती, पंच्याऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, पण जिभेला धार.

सरांच्या घराण्याचं देवक पंचपालवीचं. आंबा, उंबर, जांभूळ, शमी आणि रुई, या पाच झाडांच्या डहाळ्या मारुतीच्या देवळातून वाजतगाजत आणायच्या आणि मांडवाच्या मेढीला बांधायच्या. देवक एकदा बसलं की ते उठेपर्यंत घराला सुतक लागत नाही, भावकीत कुणी गेलं तरी कार्य थांबत नाही. आणि हळद लागलेल्या पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही. लग्न लागलं की देवक उठवायचं, पाला वाहत्या पाण्यात सोडायचा, घर मोकळं. पाला बिचारा वैशाखाच्या उन्हात दुपारपर्यंतच माना टाकतो. कुणी त्याकडं बघत नाही. त्याचं काम तेवढंच.

सरांना ते बघवलं नाही. डहाळ्या मेढीला बांधायच्या ऐवजी त्यांनी आतल्या खोलीत देवापुढं तांब्याच्या घागरीत पाणी भरून त्यात ठेवल्या. आधी प्रत्येकीचा देठ तिरपा कापला. उंबराला आणि रुईला चीक असतो, तो गोठून देठ बुजतो, म्हणून त्यांची टोकं कढत पाण्यात धरली. जोशीबुवा मंत्र म्हणता म्हणता थांबून बघायला लागले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीसुद्धा हसले. सरांची आई तेवढी म्हणाली, "देवकाला कशाला रे हे सोंग? दोन दिवसाचं काम त्याचं."

त्याच दिवशी संध्याकाळी, दीपालीला हळद लागलेली, हातात हिरवा चुडा, आचारी बुंदी पाडत बसलेला, आणि मुलाचा बाप एकटाच जीपमधून उतरला. बैठकीत बसला नाही. उभ्यानंच हात जोडले. म्हणाला, "पोरगं रुसून पुण्याला गेलंय. मी समजूत काढून आणतो. तुम्ही थोडं थांबा."

आलेल्या सगळ्यांना तिथंच कळलं. आचाऱ्यालासुद्धा कळलं, त्यानं झारा खाली ठेवला. फक्त सरांनी ते 'थोडं थांबा' उचललं आणि छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी मांडव निघाला, पाहुणे गेले. जोशीबुवा देवक उठवायला आले तर सर आतल्या खोलीच्या दारात आडवे उभे. "लग्न मोडलेलं नाही, पुढं गेलंय. देवक राहू द्या." बुवा म्हणाले, "सर, असं ठेवत नसतात." सर म्हणाले, "हिरवं आहे की नाही ते बघा, बुवा." बुवांनी बघितलं. हिरवं होतं.

तिथून ते सुरू झालं. घरातला एकुलता एक कूलर त्या घागरीपुढं गेला, माणसं उकाड्यात. कूलरचा वारा थेट लागू नये म्हणून मध्ये ओली चादर टांगलेली. लातूरला नळ कधी येतो, कधी नाही, पण घागरीचं पाणी रोज बदललं जायचं, आणि वहिनी भांड्यांना पाणी पुरवून पुरवून वापरायच्या. आंब्याचे दिवस, तर त्या घरात आंबा बंद. पिकल्या फळाचा वायू पाल्याला लागेल म्हणून. मी एकदा न कळून केशर आंब्याची पिशवी घेऊन गेले, तर सरांनी मला अंगणातच अडवलं. "मॅडम, तेवढं बाहेर ठेवा." मला इतका राग आला की पिशवी घेऊन तशीच परत फिरले. आत खिडकीत दीपाली उभी होती. तिनं पिशवीकडं बघितलं आणि माझ्याकडं बघून हसली. ते हसू मला आजही नको वाटतं.

तिला बाहेर पडायची बंदी. देवक बसलेलं, अंगाला हळद लागलेली. दवाखान्याचे फोन यायचे, कधी रुजू होता. ती सांगायची, घरात अडचण आहे, थोडी मुदत द्या. बाप 'थोडं थांबा' धरून बसलेला आणि लेक दवाखान्याला तेच सांगून राहिलेली. "काकू," ती मला म्हणाली, "मला नवरा नको, काही नको. हातातला हा चुडा काढून मला कामाला जायचंय. तुम्ही बाबाला सांगा ना. तुमचं ऐकतील." मी सांगितलं. एकदा नाही, पन्नासदा सांगितलं. सर ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हाव, जाईल की. लग्न लागलं की जाईल."

मग वहिनींच्या भाच्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. उदगीरच्या त्या मुलानं पुण्यात लग्न केलं होतं, मुंडावळ्या बांधून, शेजारी दुसरीच मुलगी. वहिनींनी मोबाईल सरांपुढं धरला. सरांनी चष्मा वर करून नीट बघितलं, मोबाईल परत दिला. "आजकाल फोटोत काय बी करता येतंय," म्हणाले, आणि घागर घेऊन पाणी बदलायला गेले.

सरांची आई तोवर तिथंच होती. तिनं काठी आपटली. "वाळू दे रे बाबा ते. वाळायसाठीच असतंय." सर घागर विसळत राहिले. "माझ्या नातीला कोंडून कुठल्या देवाला राखून राहिला तू?" म्हातारीनं आपलं बोचकं बांधलं. थोरल्या लेकाला बोलावून घेतलं आणि गावी निघून गेली. जाताना दारात म्हणाली, "देवक उठवशील तवा सांगावा धाड. तवर मी या घरात पाय ठेवायची न्हाई." ही म्हातारी सरांचा जीव की प्राण होती, हे मुद्दाम सांगते. रोज संध्याकाळी स्टाफरूमच्या कट्ट्यावर बसून तिला फोन करायचे, जेवलीस का, औषध घेतलंस का. त्या दिवसानंतर तिनं फोन घेणं बंद केलं. सर तरी रोज लावायचे. वाजून वाजून बंद व्हायचा.

ज्येष्ठ सरला तरी घागरीतला पाला हिरवाच. गल्लीत लोक चमत्कार म्हणायला लागले. दोन बायका तर नारळ घेऊन दर्शनाला आल्या. मी काही चमत्काराला भुलणारी नाही. आंब्याचं पान एक वेळ टिकेल, पण शमीची ती बारीक पानं? ती चार दिवसांत झडतात, सरांनीच मला शिकवलेलं. विद्यालयाच्या मागच्या कुंपणाला शमीचं झाड आहे. एका सकाळी मुद्दाम तिकडं गेले. खालच्या फांद्यांवर जागोजागी काप. नीट, तिरपे, फांदीवरच्या कोंबाच्या डोळ्याच्या बरोबर वर घेतलेले.

सर शेडनेटमध्ये होते. मी म्हटलं, "सर, मागची शमी कुणी कापली?"

"शेळीनं खाल्ली असंल."

"शेळी तिरपं कापती का?"

ते किती तरी वेळ शतावरीच्या कुंडीतली माती उकरत राहिले. मी म्हटलं, "त्या कामिनीवाल्या पोराला तुम्ही नापास केलंत."

"ते प्रॅक्टिकल होतं, मॅडम," ते वर न बघता म्हणाले. "हे माझं लेकरू हाय. देवक उठवलं की सगळं गाव म्हणणार, हिचं मोडलं. आज कुणी म्हणू शकत न्हाई."

"सर, सगळं गाव तेच म्हणतंय. तुम्हाला तेवढं ऐकू येत नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. माणूस उपाशी असल्यावर बघतो तसं. शिव्या घालायच्या म्हणून गेले होते, आणि त्यांच्या हातावर हात ठेवून परत आले.

आषाढात म्हातारी गेली. गावाहून थोरल्या भावाचा सकाळीच फोन आला. मी तेव्हा तिथंच होते, वहिनींना दूध द्यायला गेलेली. सरांनी फोन कानाला लावला, ऐकलं. मग म्हणाले, "दादा, मला यायला जमत न्हाई. देवक बसलंय. मला सुतक न्हाई." मग थोरला भाऊ काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण सरांनी फोन कानापासून काढला तेव्हा तो बंद होता.

हा माणूस आयुष्यात कधी देवापुढं उदबत्ती लावायचा नाही. नवस, मुहूर्त, सगळ्याची टिंगल करायचा. आणि तो सांगतो, मला सुतक नाही. मला वाटलं, मानगूट धरून हलवावं याला. जायचं म्हणजे देवक उठवायचं, आणि देवक उठवायचं म्हणजे लेकीचं लग्न मोडलं म्हणून कबूल करायचं, हे मला दिसत होतं. पण आई होती हो. आई होती.

दीपाली आतून आली. साधी साडी नेसलेली. तिनं चुडा काढून देवळीत ठेवला होता. सर दाराशी गेले. "हळद लागलेली पोरगी दार ओलांडत नसती."

"बाबा, आज्जी गेलीय."

"बेटा, थोडं थांब."

तिनं पायात चपला घातल्या. मग बापाच्या कुशीजवळून, अंग चोरून, त्याला धक्का न लावता बाहेर पडली. सरांनी अडवलं नाही. मी आणि वहिनी तिच्या मागून निघालो. एसटी स्टँडवर बिलोलीची गाडी धरली. मागं घरात सर एकटे. शेजारची बाई नंतर सांगत होती, आम्ही कोपऱ्यावर वळलो तसे ते आत गेले आणि घागरीचं पाणी बदलायला लागले.

गावात सगळं झालं. अग्नी थोरल्यानं दिला. धाकटा कुठाय म्हणून कुणी विचारलं नाही, विचारण्यापेक्षा ते वाईट होतं. दिवस होईपर्यंत दीपाली तिथं राहिली, आणि तिथून परस्पर नांदेडला जाऊन दवाखान्यात रुजू झाली. वहिनी परत आल्या. नवऱ्यापुढं रोज भाकरी ठेवायच्या, बोलायच्या नाहीत. सर दीपालीला फोन लावायचे. ती घ्यायची. "बरी आहे बाबा, ड्युटीवर आहे," म्हणून ठेवायची. एकदा तिनं मला सांगितलं, "काकू, मी घरी येईन, पण देवक उठल्यावर." अगदी आज्जीचंच बोलणं.

त्यानंतर शमीवर नवा काप मला दिसला नाही. सर विद्यालयात यायचे, तास घ्यायचे, पण बाटल्यांकडं बघायचे नाहीत. पोरांची कामिनी कुजली तरी हूं नाही की चूं नाही. पोरं आधी खूश झाली, मग घाबरली. एक पोरगी मला विचारायला आली, "मॅडम, सर आम्हाला रागवत का न्हाईत?"

श्रावणात एका सकाळी वहिनी मला बोलवायला आल्या. गेले तर जोशीबुवा आलेले. आतल्या खोलीत घागर आडवी, पालथी घातलेली. पाला काळा पडून सुपात गोळा केलेला. सरांनी कुणाला न सांगता, मंत्र नाही तंत्र नाही, हातानं देवक उठवलं होतं. दाढी वाढलेली. बुवांच्या पुढ्यात जमिनीवर बसले होते.

"बुवा, देवक उठलं," ते म्हणाले. "आता मला आईचं सुतक धरायचंय."

बुवा चपापले. माझ्याकडं बघितलं, वहिनींकडं बघितलं. "सर, त्याचे दिवस सरले की. घरच्यांचं फिटलं."

"त्यांचं फिटलं. माझं राहिलंय. मी डोकं करतो, खाली झोपतो, सगळं करतो. दहा दिवस द्या मला."

"तसं देता येत नसतं, सर," बुवा म्हणाले. फार हळू म्हणाले, चांगला माणूस. "एवढ्या उशिरा नुसती अंघोळ करायची असते. डोक्यावरून पाणी घ्यायचं, की झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

वहिनींनी न बोलता बादली भरली, मोरीत ठेवली, वर पंचा टाकला. सर आत गेले, कडी लावली. आम्ही तिघं बाहेर. पाण्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत होतो. तांब्या बुडाल्याचा नाही, पाणी पडल्याचा नाही, काहीच आवाज आला नाही. बुवांनी एकदा खाकरून बघितलं. वहिनींनी दारावर टकटक केली. बऱ्याच वेळानं कडी निघाली. सर बाहेर आले तर अंगावर तेच कपडे, केस कोरडे, पंचा तसाच घडी घातलेला हातात.

"उद्या करतो," म्हणाले. "ते केलं की आई गेली."

बुवा पिशवी उचलून निघाले. सर ओट्यावर जाऊन बसले. वहिनी मोरीत गेल्या आणि बादलीतलं पाणी त्यांनी परत पिंपात ओतलं.